न दुखणारी गाठ आणि प्रथिनांची साक्ष

कानाच्या पाळीखाली उठलेली, बोटाखाली सरकणारी आणि वर्षानुवर्षे जेमतेम वाढणारी गाठ ज्याअर्थी दुखत नाही, त्याअर्थी ती निरुपद्रवीच असली पाहिजे, हा समज आपल्याकडे इतका दृढमूल आहे की, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली असतानाही घरची वडीलधारी माणसेच तिला बेमुदत मुभा देऊन टाकतात. लाळग्रंथींत सर्वाधिक आढळणारी प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा ही गाठ मुळात सौम्य असते हे खरे. परंतु तिचे कर्करोगात रूपांतर होण्याचे जे प्रमाण पहिल्या ५ वर्षांत सुमारे १.५ टक्के मानले जाते, तेच १५ वर्षांहून जुन्या गाठींत १० टक्क्यांच्या आसपास पोचते.

हे रूपांतर ओळखण्याच्या कामी ट्यूमर मार्कर म्हणविणाऱ्या प्रथिनांनी विकृतिशास्त्रज्ञांना मोलाचे साहाय्य केले आहे. काढलेल्या गाठीचा सुमारे ४ मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घेऊन त्यावर प्रतिपिंडांची प्रक्रिया केली म्हणजे, विभाजनाच्या मार्गाला लागलेल्या पेशींची केंद्रके केआय-६७ या प्रथिनामुळे तपकिरी उमटतात. पी-५३ हे एरवी पेशीचे रक्षण करणारे प्रथिन बिघडून केंद्रकात साचलेले आढळते. आणि काही गाठींत हर-२ हे प्रथिन पेशीच्या पटलावर दाटलेले दिसते. तथापि यांपैकी कोणाही एकाच्या साक्षीवर निकाल देता येत नाही. पेशींचे रूप कितपत पालटले आणि त्यांनी गाठीचे आवरण भेदले की नाही, याची शहानिशा अनुभवी नजरेलाच करावी लागते.

शिवाय ही साक्ष गाठीच्या ऊतीतून मिळते, रक्तातून नव्हे. लाळग्रंथीच्या गाठीची खातरजमा करून देणारी रक्ताची कोणतीही तपासणी आज प्रचारात नाही, आणि म्हणून ‘कॅन्सर पॅकेज’च्या नावाने विकल्या जाणाऱ्या तपासण्यांचा निर्वाळा घेऊन शस्त्रक्रिया लांबविणे मला घातक वाटते. सुईने घेतलेला नमुना अवश्य उपयुक्त असतो. पण सुई जिथे टोचली तिथलीच हकिकत ती सांगते, आणि बदललेला कण शेजारीच राहून जाऊ शकतो.

विलंबाचे खरे कारण बहुधा तोंड वाकडे होण्याची भीती हे असते. ती अगदीच निराधार नाही, कारण चेहऱ्याचा मज्जातंतू कानाखालच्या याच लाळग्रंथीतून जातो. परंतु गाठ सौम्य असताना भोवतालच्या निरोगी ग्रंथीभागासह ती काढून कुशल शल्यविशारद मज्जातंतू बहुधा शाबूत राखू शकतो. उलट गाठ कर्करोगी होऊन मज्जातंतूला बिलगली म्हणजे कित्येकदा मज्जातंतूच कापावा लागतो. ज्या भीतीपोटी रुग्ण थांबतो, त्या संकटाला थांबण्यानेच बळ मिळते.

जुनी गाठ एकाएकी वाढू लागली, दुखू लागली किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तर एक दिवसही दवडू नये. आणि काढलेली प्रत्येक गाठ, ती कितीही लहान असो, पॅथॉलॉजी तपासणीस पाठविण्याचा आग्रह धरावा व तो अहवाल घरच्या दप्तरात कायमचा जपून ठेवावा; कारण ही गाठ कित्येक वर्षांनंतरही पुन्हा उद्भवू शकते.