ड्रोनचे आकडे आधी ठरवा, मग ॲडव्हान्स द्या

लग्नाच्या व्हिडिओवाल्यांचा पॅकेजचा कागद घरी आला की त्यात एक ओळ हमखास असते: ‘ड्रोन, ४के, ६० एफपीएस’. समोरची रक्कम बघून घरातले जरा दबकतात. मग कुणीतरी म्हणतं, लग्न एकदाच होतं, होऊ द्या.

होऊ द्या, पण आधी ती ओळ समजून घ्या. तिच्यात दोन वेगळे आकडे आहेत. दोन्ही मोठे घेतले म्हणजे चित्र चांगलं येतं, असं नाही. घरात मुलाने हौसेने लहान ड्रोन घेतला असेल, तर हे त्यालाही वाचून दाखवा.

४के म्हणजे चित्र किती बारीक, ते. फुल एचडीच्या एका चित्रात सुमारे २१ लाख ठिपके असतात. ४के मध्ये सुमारे ८३ लाख, म्हणजे चौपट. एफपीएस म्हणजे एका सेकंदात किती चित्रं टिपली. सिनेमा २४ चित्रांवर चालतो, आपल्याकडचं टीव्हीचं प्रक्षेपण २५ वर. ५० किंवा ६० चित्रं घेतली की हालचाल गुळगुळीत दिसते. शिवाय ती संथ करून दाखवता येते. स्लो मोशन म्हणतात ते हेच.

फसगत होते ती पुढे. ड्रोनला दर सेकंदाला ठरावीकच माहिती कार्डावर लिहिता येते. बऱ्याच लहान ड्रोनमध्ये ही मर्यादा १०० मेगाबिटच्या आसपास असते. चित्रं तीस असोत की साठ, मर्यादा बहुधा तीच राहते. तीस पानांसाठी केलेली आमटी साठ पानांना वाढली, तर प्रत्येक वाटीत कमीच येणार.

ही कमतरता सगळीकडे सारखी दिसत नाही. मोकळं आकाश, सपाट भिंत, डांबरी रस्ता इथे चालून जातं. गवत, झाडांची पानं, समुद्राच्या लाटा, धबधब्याचं पाणी इथे मात्र चित्र लगद्यासारखं होतं. पावसाळ्यातला सह्याद्री किंवा कोकणातली पोफळीची बाग वरून टिपायची असेल, तर साठ चित्रांचा हट्ट सोडा. त्या हिरव्या रंगातलं एकेक पान वेगळं दिसायला हवं, आणि बाग काही पळत नाही.

म्हणून साधा सल्ला असा. ड्रोनचं बहुतेक सगळं शूटिंग ४के आणि २५ चित्रांवर करा. जिथे खरोखर वेगाची हालचाल आहे किंवा ती संथ करून दाखवायची आहे, तेवढ्यापुरतं ५० वर जा.

पण हे पाहणार कशावर, तेही विचारात घ्या. दिवाणखान्यातला टीव्ही ४३ इंची असेल आणि तुम्ही आठ-दहा फुटांवर बसत असाल, तर फुल एचडी आणि ४के मधला फरक बहुतेकांच्या डोळ्यांना कळतच नाही. मोबाइलवर तर नाहीच नाही.

मग ४के कशाला? ते कामी येतं नंतर, एडिटिंगला बसल्यावर.

ड्रोन लांबून टिपतो. घरी आल्यावर लक्षात येतं की नवरी चित्रात एवढीशीच दिसते आहे. चित्र ४के असेल, तर मधला चौथा हिस्सा कापून मोठा करता येतो आणि तरीही पूर्ण फुल एचडी उरतं. मूळ फुल एचडीच असेल, तर मोठं केल्याबरोबर पुसट होतं.

उभ्या रीलचंही तेच. आडव्या ४के चित्रातून उभी पट्टी कापली तर ती १२१५ ठिपके रुंद मिळते. रीलला १०८० लागतात, म्हणजे पुरून उरतं. आडव्या फुल एचडीमधून तीच पट्टी कापली तर रुंदी जेमतेम ६०७ ठिपके. लग्नाची रील करायचीच असते. मुलं ऐकणार नाहीत. तेव्हा त्यासाठी तरी ४के घ्या.

आता लग्नाच्या दिवसातले प्रसंग एकेक करून पाहू.

मंगल कार्यालय किंवा लॉन उंचावरून दाखवायचं असतं. रोषणाई, मांडव, गाड्यांची रांग. इथे ४के आणि २५. शंभर फुटांवरून खालची माणसं मुंगीच्या गतीने सरकतात. तिथे साठ चित्रं घेऊन काहीही पदरात पडत नाही.

वरात आली. ढोल-ताशा, नाचणारी पोरं, उडणारा गुलाल. ड्रोन बाजूला आणि खाली असेल, तर हे ५० वर घ्या. ५० चित्रं २५ च्या गतीने दाखवली की गुलाल बरोबर निम्म्या वेगाने उडतो. २५ वर घेतलेलं चित्र नंतर संथ करायला गेलात, तर संगणक मधली चित्रं स्वतःच्या मनाने भरतो आणि ढोलाच्या टिपऱ्या हवेत फाटल्यासारख्या दिसतात. कुठला प्रसंग संथ दाखवायचा ते आधी सांगून ठेवा. ऐन वेळी ढोलांच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही.

अक्षता पडताना मात्र ड्रोन दूर ठेवायला सांगा. त्याची घरघर मंगलाष्टकांवर येते. बहुतेक लहान ड्रोनमध्ये माइक नसतो, त्यामुळे त्या चित्राला आवाजही नसतो. म्हणजे मांडवातल्यांना नुसता त्रास. पंखे डोक्यावर फिरत असतात, हे तर आहेच. हा क्षण खाली उभ्या असलेल्या कॅमेऱ्यावाल्याचा आहे.

संध्याकाळच्या रिसेप्शनला नीट लक्ष द्या. इथे सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात, दोन कारणांनी.

एक, उजेड कमी. सेकंदाला साठ चित्रं घ्यायची तर प्रत्येक चित्राला जास्तीत जास्त एक साठांश सेकंद उजेड मिळतो. २५ वर तो दुपटीहून जास्त मिळू शकतो. साठचा हट्ट धरलात तर ड्रोन चित्र ओढूनताणून उजळ करतो आणि काळ्या आकाशात दाणे दिसू लागतात. शालूचा रंगही मातकट होतो.

दुसरं कारण आपली वीज. ती ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. पुष्कळ ड्रोन कारखान्यातून ३० किंवा ६० वर लावलेले येतात. ती जुळणी ६० हर्ट्झ वीज असलेल्या अमेरिकेसारख्या देशाला बरी. आपल्याकडे त्यामुळे चित्रावर काळसर पट्टे सरकतात किंवा उजेड फडफडतो. २५ चित्रांना शटर १/५० आणि ५० चित्रांना १/१०० ठेवलं, की हा त्रास बहुतेक थांबतो. स्टेजमागच्या मोठ्या एलईडी पडद्याचं गणित वेगळं असतं. तो तरीही फडफडू शकतो, म्हणून आधी अर्धा मिनिट टिपून पाहायला सांगा.

आणखी एक गोष्ट दोन्ही घरांनी मिळून करायची. वराकडचा कॅमेरावाला ३० वर, वधूकडचा २५ वर आणि ड्रोन ६० वर, असं झालं की जोडताना चित्र अडखळतं. २५ बरोबर ५० जमतं, ३० बरोबर ६० जमतं. आडवी जोडी जमत नाही. याद्यांच्या वेळी मानपानावर तासभर बोलणं होतं, त्यात हा एक आकडाही ठरवून टाका. सगळ्यांनी २५ आणि ५० असं म्हटलं की भांडण मिटलं.

ज्यांच्या घरी ड्रोन आहे, त्यांची एक तक्रार नेहमीची. चित्र धक्के खात सरकतं. मग मुलगा म्हणतो, बाबा, साठवाला घ्यायला हवा होता.

नवीन ड्रोन घेऊ नका. आधी वेग कमी करा. ड्रोन जागेवर फिरवताना एखादं झाड चित्राच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला जायला सात सेकंद तरी लागू द्या. चित्रपटवाल्यांचा हा जुना हिशोब आहे. बऱ्याच ड्रोनमध्ये ‘सिने’ नावाची संथ चाल असते, ती लावा.

तरीही धक्के वाटले तर शटर पाहा. भर उन्हात ड्रोन शटर फार जलद करतो, अगदी सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ उघडतो. मग प्रत्येक चित्र कापून काढल्यासारखं टोकदार येतं आणि हालचाल तुटक दिसते. त्यावर उपाय म्हणजे कॅमेऱ्यापुढे बसवायची गडद काच. दुकानात तिला एनडी फिल्टर म्हणतात. नवीन ड्रोनच्या मानाने ती कितीतरी स्वस्त पडते.

वेग आणि बारकावा दोन्ही हवेत, असा पेच क्वचित येतो. बैलगाडा शर्यत घ्या. बैल बुजू नयेत म्हणून ड्रोन लांब ठेवायलाच हवा. लांब ठेवला की चित्र कापून मोठं करावं लागतं, म्हणजे ४के हवं. बैल तर सुसाट. ड्रोन ४के मध्ये ५० चित्रं घेत असेल, तर ती सोय इथे वापरा. नसेल, तर मी ४के आणि २५ घेईन. शर्यत तिच्या खऱ्या वेगातच बघायला मजा येते. उगाच संथ केली की घाटातला जोर जातो. कुणाला दुसरं आवडत असेल तर फुल एचडी आणि ५० घ्या, पण मग चित्र मोठं करायची अपेक्षा ठेवू नका.

शेतातलं पीक पाहायला ड्रोन उडवत असाल, तर व्हिडिओ बाजूला ठेवा आणि फोटो काढा. साध्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत सव्वा कोटीच्या जवळपास ठिपके असतात, ४के व्हिडिओतल्या एका चित्रापेक्षा बरेच जास्त. पिवळी पडलेली पानं फोटोत लवकर सापडतात. ड्रोन एका जागी थांबवा, फोटो काढा, पुढे जा.

जागेचाही हिशोब करा. १०० मेगाबिटवर वीस मिनिटांच्या उड्डाणाचे साधारण १५ जीबी होतात, तासाचे ४५. घरातल्या मोबाइलमध्ये एवढं मावणार आहे का? मेमरी कार्डावर ‘व्ही३०’ किंवा ‘यू३’ लिहिलेलं बघून घ्या. स्वस्तातलं कार्ड मध्येच थांबतं आणि तो प्रसंग परत येत नाही.

टीव्हीला लावायचा पेन ड्राइव्हही तपासा. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. शिवाय ४के ६० ची फाइल जुन्या लॅपटॉपवर आणि टीव्हीवर अडकत अडकत चालते. आजीने ‘लग्नाची सीडी लावून दे’ म्हटल्यावर चित्र अडकलं, तर तिला काय सांगणार? म्हणून दोन प्रती मागा. एक मूळ ४के, कपाटात ठेवायला. एक फुल एचडी, घरच्यांनी बघायला. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि ४केचे पैसे तिथेच वाया जातात.

आकड्यांच्याही आधीची एक चौकशी आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. ते मोकळेपणाने दाखवायला सांगा, त्यात अपमान नाही. कार्यालय विमानतळाजवळ किंवा लष्करी भागाजवळ असेल, तर सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा पाहा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात विचारा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यावर परवानगीशिवाय उडवू नका. दुबईच्या किंवा अमेरिकेच्या भाचरांना ‘येताना एक ड्रोन आण’ असंही सांगू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली आहे आणि ती वस्तू विमानतळावर कस्टम्सकडे अडकते.

आता पॅकेजचा कागद परत हातात घ्या. ‘ड्रोन, ४के, ६० एफपीएस’ खोडा. त्याजागी लिहून घ्या: ड्रोन ४के २५, वरात ५० वर, सगळे कॅमेरे त्याच जोडीत, मूळ फुटेजसह दोन प्रती. खाली त्यांची सही घ्या. ॲडव्हान्स त्यानंतर.