दिव्याची वाट पाहूं नका

गेल्या वर्षीं खंबाटकी घाटाच्या पायथ्याशीं आमच्या मोटारीचें चाक पंक्चर झालें. स्टेपनी काढून पाहतों तों तींतही हवा नाहीं! रस्त्याच्या कडेला दोन तास बसून जें सुचलें, तें विद्यार्थिमित्रहो, येथें सांगतों.

हवा कमी असली म्हणजे टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यास दबून तापतात, आणि भर वेगांत टायर फुटण्याचें भय वाढतें. अलीकडील पुष्कळ मोटारींत हवा उतरल्याची सूचना देणारा दिवा असतो. परंतु अमेरिकेंत २००७ सालीं सर्व नव्या मोटारींस तो सक्तीचा झाला, त्या नियमांतही हवा शेंकडा २५ उतरेपर्यंत दिवा न लागला तरी चालतें. स्टेपनीची खबर तर तो बहुधा देतच नाहीं. म्हणून महिन्यांतून एकदां, गाडी तीन तास उभी राहून टायर निवाल्यावर, चालकाच्या दाराच्या चौकटीवरील आंकड्याशीं हवा पडताळावी, असें माझें स्पष्ट मत आहे. पंक्चर झालेंच तर सपाट, कठीण जागीं थांबून हातब्रेक ओढावा, नट आधीं किंचित् सैल करावे आणि मगच जॅकनें गाडी उचलावी.

दिव्यावर विसंबणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. घरीं मोटार असेल, तर येत्या रविवारीं स्टेपनीपासूनच आरंभ करा.