‘लय गरीब पोरगं हाय’

गर्वाचा विरुद्धार्थी शब्द काय? नम्रता. शाळेत एक मार्क मिळायचा. पण मराठीत ताठ नसलेल्या माणसासाठी शब्दांची रांगच आहे: निगर्वी, विनयशील, लीन, भिडस्त, ओशाळा, मिंधा, लाचार. रांगेच्या सुरुवातीला कौतुक, शेवटाला जवळजवळ शिवी. कोणाला रांगेत कुठे उभं करायचं, हे कोण ठरवतं? माझं भांडण तिथे आहे.

आमच्या अवसरी बुद्रुकला एखाद्याची तारीफ करायची तर म्हणतात, ‘लय गरीब पोरगं हाय.’ पैशाने नव्हे, स्वभावाने. उलटं बोलत नाही, मान खाली घालून जातं. ‘गरीब’ हा शब्द मूळचा अरबी, तिथे त्याचा अर्थ परका माणूस. आपल्याकडे तो निर्धन झाला आणि मवाळही झाला. जणू खिसा रिकामा असला की आवाजही खालीच असायला हवा! हाच गुण बंगलेवाल्याच्या मुलात दिसला की तो ‘डाऊन टू अर्थ’.

‘लाचार’चं त्याहून वाईट झालं. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ एवढाच, की ज्याच्यापुढे काही उपाय उरला नाही असा. हिंदीत तो अजून बराचसा तसाच आहे. मराठीत मात्र आपण परिस्थितीच्या वर्णनाचं चारित्र्याचं सर्टिफिकेट करून टाकलं. मंचरच्या मार्केटला कांदा घेऊन गेलेला शेतकरी अडत्याला ‘शेठ, बघा की काहीतरी’ म्हणतो, तेव्हा तो मूळ अर्थाने लाचार असतो. माल परत न्यायचं गाडीभाडं परवडत नाही, एवढीच गोष्ट. बघणारा मात्र त्याला लाळघोट्या समजतो.

आणि जातीने तर नम्रतेचा नियमच केला होता. महारांनी ‘जोहार’ घालायचा, ही रीत. नाही घातला तर माजला. त्या जागी ‘जय भीम’ आलं. ते म्हणताना कमरेत वाकावं लागत नाही, यावर अजूनही काहींचा आक्षेप असतो. फक्त तो तसा बोलून दाखवत नाहीत.

माझ्या धंद्यात हेच इंग्रजीत चालतं. अप्रेझलमध्ये मला ‘व्हेरी हम्बल’ म्हणाले आणि प्रमोशन दुसऱ्याला दिलं. मराठी मीडियमची पोरं मीटिंगमध्ये गप्प बसली की त्यांना ‘न्यूनगंड’ आहे म्हणतात. शब्द बघा किती सोयीचा: गाठ तुमच्याच आत, ती तुम्हीच काढा. समोरचा तुमच्या उच्चारावर हसला, त्याला कसलाच गंड नाही! पुरस्कार मिळाल्यावर लिंक्डइनवर ‘हम्बल्ड’ लिहिणारे वेगळेच. त्यांना वाकणं परवडतं, कारण उठून उभं राहायला कुणी अडवणार नसतं. माझ्या लेखी नम्रता तीच, जिच्यात न वाकण्याची मोकळीक असते. बाकीची सक्ती.

आमच्याच आंबेगाव तालुक्यात महाळुंगे पडवळ आहे. बाबू गेनू तिथला. मुंबईत गिरणी कामगार, म्हणजे पैशाने गरीबच. 12 डिसेंबर 1930 ला काळबादेवीत विदेशी कापडाचा ट्रक अडवायला तो आडवा आला, आणि त्याच ट्रकखाली गेला. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्याचं नाव आहे. त्या दिवशी ‘बाजूला हो’ म्हणणाऱ्यांना मात्र तो उद्धटच वाटला असणार.