चोरी झाल्याचा गुन्हा

आमच्या आप्पांची गाडी चोरीला गेली ती २०२३ च्या मे महिन्यात, बाजारच्या दिवशी. आप्पा म्हणजे माझे सख्खे चुलते. गाडी म्हणजे पांढरी मारुती ओम्नी, तीही दुसऱ्याने चार वर्षे वापरून विकलेली आणि पतसंस्थेचे एक लाख वीस हजारांचे कर्ज काढून घेतलेली. तालुक्याच्या बाजारामागच्या मोकळ्या जागेत ती दुपारी लावून आप्पा बियाण्यांच्या दुकानात गेले. तासाभराने परत आले तेव्हा गाडीच्या जागी एक म्हैस रवंथ करीत बसली होती. हे आता आप्पा स्वतःच हसत सांगतात. त्या दिवशी ते हसले नव्हते.

मला चोराविषयी लिहायचे नाही. चोराने आपले काम तासाभरात उरकले. त्यानंतर जे सुरू झाले ते अजून संपलेले नाही, आणि माझे म्हणणे आहे ते त्याविषयी.

आमच्यासारख्या घरांत चोरी झाली की पहिला विचार पोलिसांचा येत नाही. पहिला विचार पाहुण्यांचा येतो. तीन दिवस आम्ही फोन केले, धाबे पाहिले, भंगारवाल्यांकडे चकरा मारल्या. चुलतीने एका देवऋष्याला विचारले. त्याने दक्षिण दिशा सांगितली. आमच्या दक्षिणेला कर्नाटक असल्यामुळे ते खरेही असेल. चौथ्या दिवशी आप्पा पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले, "अर्ज देऊन ठेवा. कुणी ओळखीच्यानंच नेली आसंल, चार दिवस वाट बघू." आप्पांनी अर्ज दिला आणि नमस्कार करून बाहेर आले. ठाण्याच्या आवारात जप्त केलेल्या गाड्या उभ्या होत्या, काहींच्या टपावरून वेल चढलेले. आप्पा त्या सगळ्यांतून एकदा फिरून आले, न जाणो आपली त्यांत असेल म्हणून. (अशा गाड्या वर्षानुवर्षे ठाण्यात कुजवत ठेवू नका, हमी घेऊन मालकाला परत द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली एका गुजरातच्या प्रकरणात सांगितले आहे. वेलींना ते कळलेले दिसत नाही.) पहिली खबर, म्हणजे ज्याला आपण एफ. आय. आर. म्हणतो, ती नोंदली गेली चोरीनंतर अकराव्या दिवशी.

या अकरा दिवसांतच आप्पांचे खरे नुकसान झाले, हे आम्हाला सहा महिन्यांनी कळले.

वास्तविक कायदा या बाबतीत स्पष्ट होता. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांनी तो नोंदलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १२ नोव्हेंबर २०१३ रोजी दिलेला आहे. वाहनचोरी हा दखलपात्र गुन्हा आहे. खबरीची प्रत फिर्यादीला फुकट मिळाली पाहिजे. ठाण्यात नोंद घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येते. यातले काहीच आप्पांना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. मी त्याच वर्षी अकरावीची परीक्षा दिली होती आणि राष्ट्रपतींचे अधिकार मला पाठ होते.

आता विम्याकडे वळतो. आमच्या आळीत चार गाड्या आहेत, त्यांपैकी तिघांचा विमा 'थर्ड पार्टी' आहे. कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तेवढाच सक्तीचा केला आहे. त्यात आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याला भरपाई मिळते. आपली गाडी चोरीला गेली तर छदामही मिळत नाही. पुष्कळ जण हप्ता भरतात आणि गाडीचा विमा आहे असे समजून निर्धास्त झोपतात. आप्पांचा विमा पूर्ण होता, पण तो शहाणपणामुळे नव्हे. पतसंस्थेने कर्ज देताना ती अट घातली होती. पॉलिसीत गाडीची किंमत एक लाख चाळीस हजार धरलेली होती. म्हणजे कर्ज फिटून चार पैसे उरले असते.

गुन्हा नोंदल्यावर तीन दिवसांनी आम्ही विमा कंपनीला कळवले. महिनाभराने कंपनीचा तपासनीस घरी आला. माणूस सभ्य होता. चुलतीने पोहे केले. त्याने गाडीचे पुस्तक पाहिले, खबरीची प्रत घेतली, दोन्ही चाव्या मागितल्या. आप्पांकडे एकच होती. दुसरी मूळ मालकाने दिलीच नव्हती. मग चहा पिता पिता त्याने सहज विचारावे तसे विचारले, "आप्पा, गाडी भाड्यानं लावत होता का कधी?"

आप्पा म्हणाले, "लावतो की साहेब. बाजारादिवशी चार माणसं बसवून न्हेतो, आणतो. येश्टी कुठं वेळेवर हाय?"

त्याने ते लिहून घेतले आणि आप्पांनी त्याखाली सही केली. कागद इंग्रजीत होता. मी तिथेच उंबऱ्यावर बसलो होतो, आणि पुढे होऊन तो कागद वाचावा असे मला सुचले नाही. याचे मला आजही वाईट वाटते.

नोव्हेंबरात पत्र आले. तेही इंग्रजीत. 'रिप्युडिएट' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. शब्दकोशात त्याचे अर्थ 'नाकारणे, झिडकारणे' असे दिले आहेत. कारणे दोन होती. खबर उशिरा दिली आणि खाजगी गाडी भाड्याने वापरली. दुसरी चावी नसल्याचाही उल्लेख होता. पत्रात चोरी झालीच नाही असे कुठेही म्हटलेले नव्हते. चोरी झाली हे मान्य होते, फक्त ती आप्पांकडे नीट रीतीने झाली नव्हती!

गावात दोन मते पडली. एक म्हणे, पोलिसांकडे जायला उशीर केला तिथेच चुकले. दुसरे म्हणे, आप्पाला खोटे बोलता आले नाही म्हणून गाडी बुडाली. दुसऱ्या मताचे लोक जास्त होते आणि त्यांत शिकलेलेही होते.

मी या दुसऱ्या मताचा बराच विचार केला आहे. वडाप करणे बेकायदेशीर आहे, हे मान्य. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्याने माणसे बसवायला परवाना लागतो, तो आप्पांकडे नव्हता. त्याबद्दल त्यांना दंड झाला असता तर मी हा लेख लिहिला नसता. पण गाडी चोरीला गेली तेव्हा ती रिकामी उभी होती. चोराने ती नेली ती तिच्यात सकाळी चार माणसे बसली होती म्हणून नव्हे. मग एका चुकीची शिक्षा दुसऱ्या गोष्टीत का? मला वाटत होते की हा माझा भाबडा प्रश्न आहे. पण गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी आम्हाला जिल्ह्याच्या ठिकाणी एका वकिलांकडे नेले आणि त्यांनी सांगितले की हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे २००८ साली येऊन गेला आहे. तिथेही खाजगी गाडी भाड्याने दिलेली होती आणि ती पळवली गेली होती. न्यायालय म्हणाले, चोरीच्या दाव्यात गाडीच्या वापराची अट मोडली हा मुद्दा गैरलागू आहे. कंपनीला सगळाच दावा झिडकारता येणार नाही. त्या मालकाला 'नॉन-स्टँडर्ड' हिशेबाने पंचाहत्तर टक्के रक्कम मिळाली. आप्पांच्या बाबतीत ती एक लाख पाच हजार होते. म्हणजे खरे बोलण्याची किंमत कायद्याच्या लेखी फार तर पस्तीस हजार आहे. कंपनीच्या पत्राने ती एक लाख चाळीस हजार केली, आणि गावाने त्यावरून धडा घेतला की खोटे बोलावे. कंपनीला हा निकाल माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

उशिराचे तसेच. केवळ उशीर झाला एवढ्यावरून खरे दावे यांत्रिकपणे फेटाळू नयेत, असे परिपत्रक विमा नियामक प्राधिकरणाने २० सप्टेंबर २०११ ला काढले आहे. पुढे २४ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने एका ट्रॅक्टरच्या चोरीत निकाल दिला. आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई त्या पीठात होते. त्या शेतकऱ्याने पोलिसांत त्याच दिवशी खबर दिली होती, पण कंपनीला कळवायला बावन्न दिवस लावले होते. न्यायालयाचे म्हणणे असे की, गाडी शोधण्याचे काम पोलिसांचे. त्यांना लगेच कळवले, त्यांनी शोधून गाडी मिळत नाही असा अहवाल दिला आणि चोरी खरी आहे हे दिसले, तर कंपनीला कळवायला झालेल्या उशिराचे निमित्त चालणार नाही.

इथे वाचणाऱ्याच्या लक्षात आले असेल की आमचे घोडे कुठे अडले. हा निकाल ज्याने ताबडतोब खबर दिली त्याचा आहे. आप्पांची खबर कागदावर अकराव्या दिवसाची आहे. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चौथ्या दिवशी दिलेल्या अर्जाची पोच आहे का?" पोच नव्हती. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा असतो हे आप्पांना कुणी सांगितले नव्हते, आणि ठाण्यात उभ्या असलेल्या माणसाला पोच मागण्याचे धैर्य लागते. आमच्या घरात ते कुणाकडे नव्हते. पहिल्या तीन दिवसांचा दोष आमचा, तो मी नाकारत नाही. पण पुढचे सात दिवस आप्पांचे नव्हते, तरी ते त्यांच्याच नावावर पडले.

कंपन्यांची बाजू मला दिसत नाही असे नाही. गाडी स्वतःच विकून चोरीची ओरड करणारे लोक असतात. गाडी दोन दिवसांत सुटी करून विकता येते, म्हणून उशीर झाला की शोध लागणे अवघड होते, हेही खरे. त्यांनी चौकशी जरूर करावी. माझी तक्रार एवढीच आहे की ही चौकशी ज्याच्याविरुद्ध आहे त्याला ती आपल्याविरुद्ध आहे हे कळतच नाही. तो पोहे देतो.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. २०१९ च्या कायद्याने पूर्वीच्या मंचाला आयोग म्हणतात. आपण जिथे राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि आमच्यासारख्या लहान प्रकरणाला फी लागत नाही. पुण्याला विमा लोकपालाचे कार्यालय आहे, तिथेही फुकट दाद मागता येते; पण नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जावे लागते आणि आम्हाला ते कळेपर्यंत वर्ष संपले होते. आयोगाने साधारण तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कायद्यात लिहिले आहे. आमचे तीन महिने केव्हाच होऊन गेले. या काळात पतसंस्थेचा तीन हजार नऊशेचा हप्ता मात्र एकदाही चुकला नाही, कारण जामीनदार माझे वडील आहेत. नसलेल्या गाडीचे हप्ते फेडण्यासाठी आप्पा आता दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून जातात. दरम्यान पोलिसांनी प्रकरण 'अ' समरीत बंद केले. त्याचा अर्थ, गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही. चोर सापडला असता तर न्यायालय त्याच्याकडून भरपाई देववू शकले असते; तोही मार्ग संपला.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्यात तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवण्याची तरतूद आहे, तिचे मी स्वागत करतो. पण तिच्यातच तीन ते सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांत नोंद करण्याआधी चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा वरिष्ठांच्या परवानगीने ठेवली आहे. साध्या चोरीची शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणजे नेमकी उंबरठ्यावर. आप्पांचे अकरा दिवस उद्या कुणाचे चौदा झाले आणि विमा कंपनीने त्यांना उशीर म्हटले, तर त्याने कुणाकडे बघावे?

आपल्या महाविद्यालयात दरवर्षी २४ डिसेंबरला ग्राहक दिन होतो. १९८६ चा कायदा त्या तारखेचा. व्याख्यान होते, निबंधस्पर्धा होते; गेल्या वर्षी मला तिसरा क्रमांक मिळाला. पाहुण्यांनी 'ग्राहक राजा आहे' असे सांगितले. त्याऐवजी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही गावोगाव जाऊन लोकांच्या गाड्यांच्या पॉलिस्या नुसत्या वाचून दाखवाव्यात असे मला वाटते. कोणती थर्ड पार्टी आणि कोणती पूर्ण, कुणाच्या नावावर, दुसरी चावी आहे का, एवढेच. विमा कंपनीच्या तपासनीसाने घेतलेला जबाब आणि नकाराचे पत्र मराठीत असलेच पाहिजे, अशी मागणी विद्यार्थी संघटनांनी का करू नये? फीवाढीविरुद्ध आपण मोर्चा काढतो, तो काढावाच. पण आपल्यातल्या कित्येकांची फी अशाच एखाद्या गाडीच्या भाड्यावर भरली जाते. माझी पहिल्या वर्षाची ओम्नीवरच भरायची ठरली होती.

आप्पा आता सगळ्यांकडे पोच मागतात. डेअरीत दूध घातले तरी पावती डोळ्यांजवळ धरून पाहतात. अक्षरे लागत नाहीत, पण शिक्का दिसतो. आयोगातली पुढची तारीख आमच्या परीक्षेच्या आठवड्यात आली आहे. मी येतो म्हणालो तर ते म्हणाले, "तू पेपर दे, मी जातो एकटा." फक्त जाताना ती एक चावी बरोबर न्यायची की नाही, हे त्यांनी मला दोनदा विचारले.