शेवटचे कडवे

हिवरे बाजारचे नाव आता महाराष्ट्रात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. नगर शहरापासून (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले, आमच्या तोंडी मात्र अजून नगरच येते) जेमतेम सतरा-अठरा किलोमीटरवरचे हे गाव. १९७२ च्या दुष्काळाने मोडले, दारूने आणि भांडणांनी उरलेसुरले संपले, माणसे पोट भरायला बाहेर पडली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, गावाने श्रमदान केले, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी पाळली आणि डोंगराचे पाणी डोंगरातच मुरवले. २०२० साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. हे सर्वांना ठाऊक आहे. आम्ही तिथे गेलो ते शेजारच्या चार-पाच गावांतल्या जयंती मंडळांच्या कार्यकर्त्यांसोबत, एक दिवसाचा अभ्यासदौरा म्हणून.

तिथे आम्हाला सर्वांत जास्त काय आवडले, तर पाण्याचा ताळेबंद. चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे हे गाव. पाऊस किती पडला ते मोजायचे, त्यातले मुरले किती आणि वाहून गेले किती ते काढायचे, माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी आधी बाजूला ठेवायचे, आणि मग उरलेल्या पाण्यात कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरवायचे. पाणी कमी असेल तर हवे ते पीक नाही. हा हिशेब गावातल्या फलकावर लिहिलेला असतो, कोणीही उभा राहून वाचावा.

आदर्श गाव पाहताना आम्ही सवयीने एक प्रश्न विचारतोच, की ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याच्या वाट्याला या मुरलेल्या पाण्यातले किती आले? तो प्रश्न साऱ्या महाराष्ट्रालाच विचारायचा आहे. त्यावर स्वतंत्र लिहू. आज त्या फलकापुढे आमच्यातला साठी ओलांडलेला एक ढोलकीवाला जे बोलला, त्याविषयी लिहायचे आहे. तो बराच वेळ आकडे वाचत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, पाण्याचा हिशेब हाय. आपल्या गाण्याचा असा हिशेब कुठं लिहून ठेवलाय का?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. परतीच्या वाटेवर जीपमध्ये सगळे गप्प होते, आणि आम्हाला याच पट्ट्यातली पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली.

नव्वदचे दशक संपत आले होते. आमच्या जयंतीला महाकवी वामनदादा कर्डक येणार म्हणून आठ दिवस आधीपासून वस्तीत दुसरा विषय नव्हता. आजूबाजूच्या वाड्यांवरून बैलगाड्या, सायकली, टेम्पो भरून माणसे आली होती. समाजमंदिरापुढे मांडव, झाडाला बांधलेले दोन भोंगे आणि भाड्याचा जनरेटर. दादा तेव्हा पंच्याहत्तरीला टेकलेले. आम्ही तरुण पोरे होतो आणि आमचे कान कॅसेटवर पोसलेले. दादांची गाणी आम्ही ऐकली होती ती प्रल्हाद शिंद्यांसारख्यांच्या भरदार गळ्यातून. त्यामुळे स्टेजवर आलेला तो किडकिडीत, थकलेला म्हातारा माणूस पाहून, खरे सांगायचे तर, आमचा हिरमोड झाला. पहिल्याच ओळीला आवाज चिरकला. दुसऱ्या ओळीला दम लागला. मागच्या बाजूला पोरांची कुजबुज सुरू झाली, एकदोघे उठून चहाच्या टपरीकडे निघालेही.

आणि मग पुढे बसलेल्या बायांनी ओळ उचलली. कोणी सांगितले नव्हते. दादा थांबले त्या जागेवरून बायांनी पुढचे गायले आणि बायांचे संपले तिथून दादांनी धरले. मोलमजुरीच्या, अंगठा उठवणाऱ्या त्या बाया. एकीच्याही घरात पुस्तक नसेल, पण सबंध गाणे, कडव्यामागून कडवे, त्यांच्या तोंडात होते. तिसऱ्या कडव्यापर्यंत मांडवातला एकही माणूस नुसता ऐकणारा राहिला नव्हता. टपरीकडे निघालेले परत येऊन उभे राहिले. आवाज गेलेला एक माणूस हजारभर माणसांच्या आवाजात गात होता.

शेवटचे कडवे आले. वामनदादांच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात त्यांचे नाव येते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. कॅसेटवर ते नाव आम्ही शेकडो वेळा ऐकले होते, आणि ते नाव म्हणजे गाण्यातला एक शब्द एवढेच आम्हाला वाटत असे. त्या रात्री 'वामन' हा शब्द स्वतः वामनाच्या तोंडून आला. बाया तिथे गप्प झाल्या. ती एक जागा त्यांनी त्यांच्यासाठी मोकळी सोडली. गाणे कोणाचे आहे, हे आम्हाला त्या क्षणी कळले.

आता लाजेची गोष्ट. त्या जयंतीच्या जमाखर्चाची वही मंडळाकडे आहे. मांडव, भोंगे, जनरेटर, फटाके, मिरवणुकीची वाजंत्री, पाहुण्यांचे हार, आणि सर्वांत खाली, उरलेल्या पैशांतून, 'गायनपार्टी'. मांडव आणि भोंगेवाल्याला जे दिले, त्याच्या निम्मेही आम्ही त्या पाकिटात घातले नव्हते. वर एक शाल. वर्गणी कमी जमली होती हे खरे, पण फटाक्यांना ती पुरली होती, हेही त्याच वहीत आहे. हिवरे बाजारात पिण्याचे पाणी आधी बाजूला काढतात. आम्ही ज्याच्यासाठी माणसे जमली त्यालाच शेवटी ठेवले होते. हे एकट्या आमच्या मंडळाचे वर्तन होते असे कोणी छातीठोकपणे सांगावे. आम्हाला आनंदच होईल.

वामनदादा कोण होते? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म. पोटासाठी मुंबईला आलेला कामगार. चाळीत कोणी पत्र वाचायला दिले आणि ते वाचता येईना, या शरमेने मोठेपणी अक्षरे शिकलेला माणूस. १९४३ साली पहिले गीत लिहिले आणि नंतरची साठ वर्षे खेड्यापाड्यांत गात फिरला. 'वाटचाल', 'मोहळ' अशी पुस्तके आली, पण लिहिलेल्यापैकी किती वह्यांत राहिले, किती कोणाकोणाच्या घरी पडून आहे, किती म्हाताऱ्या बायांच्या तोंडी आहे आणि त्यांच्याबरोबर मातीत चालले आहे, याची नोंद कुठे आहे? बाबासाहेबांच्या काळात भीमराव कर्डकांच्या जलशांनी जे काम केले ते मोठमोठ्या सभांनी झाले नसते, असे जुनी माणसे सांगत आणि बाबासाहेबांनाही त्याची किंमत होती. भीमरावांनी जलशांवर पुस्तक तरी लिहून ठेवले. बाकीच्यांचे काय?

२००४ च्या १५ मे रोजी वामनदादा गेले. सव्वा महिन्यात, २३ जूनला, प्रल्हाद शिंदे गेले. एका उन्हाळ्यात चळवळीचा शब्द गेला आणि गळाही गेला. प्रस्थापित वर्तमानपत्रांत त्यांना किती जागा मिळाली ते आम्ही पाहिले आहे. त्याचे आता दुःख करीत नाही, त्यांच्याकडून अपेक्षा कधी नव्हतीच. प्रश्न आमचा आम्हाला आहे.

लोकशाहीर विठ्ठल उमप यांचेही आठवते. सत्तरी उलटल्यावर त्यांचे 'जांभूळ आख्यान' आम्ही मुंबईत पाहिले. हा माणूस स्टेजवर येताना म्हातारा असे आणि संबळ वाजला की वय विंगेत ठेवून येई. क्षणात द्रौपदी, क्षणात निवेदक, आणि गळा असा उंच चढे की मागच्या रांगेतल्याला माइकची गरज वाटू नये. २६ नोव्हेंबर २०१० रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर, लॉर्ड बुद्धा टीव्हीच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमात ते मंचावरच कोसळले आणि गेले. वय ७९. आमच्यात अनेकजण अभिमानाने म्हणतात, काय भाग्याचे मरण, दीक्षाभूमीवर, संविधानदिनी! आम्हीही तेव्हा म्हटले. आज मात्र वाटते, म्हाताऱ्या कलावंताच्या मरणाचे कौतुक करणे आम्हाला फार सोपे जाते. त्याच्या जगण्याची चौकशी करणे अवघड जाते. तो प्रवास कसा करतो, रात्री दोन वाजता कार्यक्रम संपल्यावर झोपतो कुठे, रक्तदाबाची गोळी घेतली का, हे विचारणारा एक कार्यकर्ता तरी आमच्या मंडळांत नेमलेला असतो काय?

तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर १५ जानेवारी २००२ रोजी गेल्या. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही कलावती, आणि रुग्णालयाचे बिल लोकांच्या मदतीतून भागवावे लागले. पुढे शासनाने तिच्या नावाने पुरस्कार सुरू केला. आता दरवर्षी त्या नावाने दुसऱ्यांना धनादेश मिळतो. यावर अधिक काय लिहावे!

अमेरिकेत पीट सीगर नावाचा लोकगायक होता. २००९ च्या जानेवारीत, ओबामांच्या शपथविधीच्या आधी, लिंकन स्मारकापुढे तो गायला, तेव्हा वय ८९. गळा संपलेला. तो ओळ नुसती पुढे सांगत होता आणि समोरचा अफाट जनसमुदाय ती गात होता. ते चित्रीकरण पाहताना आम्हाला आमच्या बाया आठवल्या. फरक इतकाच की त्याचे चित्रीकरण झाले, जगभर पोहोचले. आमच्या त्या रात्रीची एक कॅसेटही नाही. टेपरेकॉर्डर मंडळाकडे होता. मिरवणुकीत वाजवायला नेला होता.

कोणी म्हणेल, आजच्या पोरांना डीजे हवा, जुने गाणे कोण ऐकतो? हे आम्हाला मान्य नाही. पोरे ऐकतात ती गाणी बहुतेक जुनीच आहेत. आनंद-मिलिंद आणि पुढे आदर्श शिंदे हे प्रल्हाददादांचेच घर आहे, आणि त्यांनी गाणे लाखोंपर्यंत नेले याचा आम्हाला अभिमान आहे. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाइलच्या पडद्यावरूनच घराघरांत गेल्या. यंत्राशी आमचे वैर नाही. आमची तक्रार कात्रीशी आहे. डीजेवर गाणे वाजते ते मुखडा आणि एक कडवे, मग ठेका, मग पुन्हा मुखडा. शेवटचे कडवे कापलेले असते. म्हणजे ज्या कडव्यात वामनाचे नाव आहे नेमके तेच. पोरगा रात्रभर दादांच्या गाण्यावर नाचतो आणि सकाळी विचारले तर गाणे कोणाचे ते सांगू शकत नाही. गाणे आम्ही राखले आणि माणूस पुसून टाकला.

आणि हे गाणे काही करमणुकीची गोष्ट नाही, हे या नगर जिल्ह्याला कोणी सांगायची गरज नाही. २०१५ च्या मे महिन्यात याच जिल्ह्यातल्या शिर्डीत आमच्यातला एक तरुण मारला गेला. मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, हे त्याचे निमित्त. ज्या गाण्यापायी जीव जातो, ते लिहिणाऱ्याचे आणि गाणाऱ्याचे नाव तरी आम्हाला ठाऊक असू नये?

वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देण्याची राज्य शासनाची योजना १९५४-५५ पासून आहे. पूर्वी अ, ब, क असे वर्ग होते. २०२४ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने सरसकट दरमहा ५,००० रुपये झाले. पन्नाशी पूर्ण झालेल्याने अर्ज करायचा, उत्पन्नाचा दाखला द्यायचा आणि कलेची सेवा केल्याचे पुरावे जोडायचे: कात्रणे, प्रमाणपत्रे, छायाचित्रे. इथे आमचा कलावंत अडतो. चाळीस वर्षे जयंत्या गाजवलेल्या गायनपार्टीच्या बाईकडे कात्रण कुठून येणार? तिचे नाव आम्ही हॅंडबिलावर छापले नाही, 'आणि साथीदार' असे छापले. प्रमाणपत्र दिले नाही, शाल दिली. शाल अर्जाला जोडता येत नाही. मंडळांनी आपल्या जुन्या वह्या काढल्या, कोणत्या साली कोण गायले ते लेटरहेडवर लिहून सही-शिक्क्यानिशी दिले, तर कित्येक अर्ज उभे राहतील. याला मंत्री लागत नाही की आंदोलन लागत नाही.

जीप आमच्या फाट्याला आली तेव्हा दिवेलागण झाली होती. उतरताना आम्ही त्या ढोलकीवाल्याला विचारले, तुमचा अर्ज भरला आहे का? तो हसला. म्हणाला, "पुरावा काय देऊ? हात दाखवू?" त्याने तळहात पुढे केला. बोटांच्या मुळाशी घट्टे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मंडळाची ती जुनी वही उघडली. 'गायनपार्टी' या शब्दापुढे रक्कम आहे, नावे नाहीत. त्या रात्री दादांना ढोलकीवर साथ त्यानेच केली होती. आम्ही तिथे होतो, आम्हाला आठवते. येत्या रविवारी मंडळाची बैठक आहे. दाखल्याचा मसुदा तयार आहे, तारीख घालायची बाकी आहे. त्या रात्रीची तारीख कोणाच्या लक्षात असेल तर त्याने बैठकीला यावे.