गवई मधोमध बसला पाहिजे

गाणें ऐकावयास बसलेला रसिक मनुष्य डोळे मिटतो, ही गोष्ट आपणांपैकीं प्रत्येकानें पाहिलेली आहे. डोळे मिटल्यावरहि त्याला बैठक दिसतच असते. गवई समोर, त्याच्या मागें दोन तंबोरे, एका अंगास तबला, दुसऱ्या अंगास पेटी. ही मांडणी दोन कानांनीं पाहावयाची असते. आणि भारी किमतीचा हेडफोन घेणारा गृहस्थ पैसे मोजतो ते बव्हंशीं तिच्यासाठींच. यंत्रांचे जाणकार तिला साउंडस्टेज म्हणतात. आम्ही ह्या लेखांत तिला बैठकच म्हणूं. आपल्याकडे तो शब्द गाण्याच्या संगतींत पूर्वींपासून रुळलेला आहे. ही बैठक विस्कटली, गवई एका बाजूस सरकला किंवा मुळींच दिसेनासा झाला, तर दोष कोठें शोधावा, हें ह्या महिन्यांत सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे. त्यास एक निमित्तहि घडलें.

गेल्या पावसाळ्यांत आम्ही सरावलीस एका स्नेह्यांच्या घरीं दोन दिवस राहिलों होतों. पालघर जिल्ह्यांतलें हें गांव बोईसरास लागूनच आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचे कारखाने, मालमोटारींची वर्दळ आणि त्यांत पावसाची झोड. तेथें निवांतपणें गाणें ऐकावयाचें तर हेडफोनच बरा. आमचे स्नेही अभियंते होते, आतां निवृत्त आहेत. घरांत त्यांस अण्णा म्हणतात. सत्तरी पूर्ण झाली त्या दिवशीं पुण्याच्या मुलानें त्यांस उत्तम प्रतीचा हेडफोन पाठविला होता. आम्ही गेलों तेव्हां त्यावरूनच घरांत वाद चालला होता. अण्णांचें म्हणणें, गवई डावीकडे सरकला आहे, यंत्र बिघडलें. वहिनी म्हणाल्या, “अहो, एवढ्या पैशांत मिरजेहून तंबोऱ्यांची जोडी आली असती!” मुलगा फोनवरून सांगे, “अण्णा, खोक्यांत घालून परत पाठवा. दुकानदार बदलून देईल.” खोकें बांधून दारापाशीं ठेवलेलेंहि होतें. आम्हीं तें सोडविलें.

दोष शोधण्यापूर्वीं बैठक मनांत कशी उभी राहते तें समजून घेतलें पाहिजे. नाद डावीकडून आला तर तो डाव्या कानास आधीं आणि मोठा पोंचतो. उजव्या कानास किंचित् उशिरां आणि लहान. हा उशीर केवढा? नाद सेकंदास सुमारें ३४३ मीटर धांवतो. डोक्यास वळसा घालून पलीकडच्या कानापर्यंत जाण्यास त्याला फार तर ०.७ मिलिसेकंद जास्त लागतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि लहान असा हा फरक आपलें मन बिनचूक हेरतें. खर्जाकडच्या नादांची दिशा आपण मुख्यतः ह्या वेळेच्या फरकावरून ओळखतों आणि टिपेकडच्या नादांची लहानमोठेपणावरून, असा सिद्धांत लॉर्ड रॅले ह्यांनीं १९०७ सालीं मांडला. दोन्ही कानांस एकच नाद एकाच क्षणीं आणि सारख्याच जोरानें पोंचला, कीं मन म्हणतें, हा मधोमध आहे. ह्यांतलें कांहींहि कमीजास्त झालें कीं गवई आपली जागा सोडतो.

दोन कानांस दोन वेगळे नाद पोंचविण्याची कल्पना तशी जुनी आहे. १८८१ सालीं पॅरिसच्या विद्युत्-प्रदर्शनांत क्लेमां आदेर ह्यांनीं रंगभूमीवर टेलिफोनचे ग्राहक मांडून तेथलें संगीत तारेनें दूर नेलें, आणि श्रोत्यांच्या दोन्ही कानांस दोन वेगवेगळीं टेलिफोनचीं यंत्रें लावविलीं. इंग्लंडांत ॲलन ब्लमलाइन ह्यांनीं १९३१ सालीं आपल्या स्टीरिओ-पद्धतीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. अमेरिकेंत जॉन कॉस ह्यांनीं १९५८ सालीं घरीं गाणें ऐकण्यासाठीं स्टीरिओ हेडफोन काढला. तेव्हां हें यंत्र कांहीं कालचें नाहीं, आणि त्याचे दोषहि आतां चांगले परिचयाचे झाले आहेत.

पहिली कसोटी अशी कीं, तपासणीस स्टीरिओ गाणें घेऊंच नये. अण्णांच्या संग्रहांत खांसाहेब अब्दुल करीम खांच्या आणि बालगंधर्वांच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरविलेलीं गाणीं होतीं. तीं ध्वनिमुद्रणें मोनो, म्हणजे दोन्ही कानांस एकच नाद देणारीं. मागाहून कोणीं त्यांवर कृत्रिम संस्कार केलेला नसेल तर त्यांतला गवई कपाळाच्या अगदीं मध्यावर बसला पाहिजे. तबकडीची खरखर मात्र इकडेतिकडे पसरली तरी चालेल. स्टीरिओ गाण्यांत ही खात्री देतां येत नाहीं. बीटल्स ह्या इंग्रज मंडळींच्या १९६३ सालच्या पहिल्या तबकडीच्या स्टीरिओ आवृत्तींत आवाज एका बाजूस आणि वाद्यें दुसऱ्या बाजूस आहेत. ती ऐकून हेडफोनास दोष देणें म्हणजे अक्षर वाईट म्हणून चष्मा बदलण्यासारखें होय. जुन्या तबकड्या नसतील त्यांनीं फोनच्या सेटिंगमध्यें ॲक्सेसिबिलिटी ह्या सदरांत जाऊन ‘मोनो ऑडिओ’ची कळ तेवढ्यापुरती चालू करावी.

आम्हीं खांसाहेबांचें गाणें लाविलें. आमच्या कानांस तें मधोमध होतें. अण्णा म्हणाले, “डावीकडे.”

मग आम्हीं एकेक गोष्ट क्रमानें पाहत गेलों. वाचकांनींहि हाच क्रम ठेवावा. ह्यास एक पैहि खर्च येत नाहीं.

आरंभ डोक्यापासून करावा. चष्म्याच्या काड्या कानाच्या गादीखालीं आल्या कीं तेथें फट पडते, त्या बाजूचा खर्ज निसटतो आणि बैठक कलंडते. बंद पाठीच्या हेडफोनांत हें विशेष जाणवतें. अण्णांस चष्मा काढावयास लाविला. फरक पडला नाहीं. गाद्या दोन्ही बाजूंस सारख्या फुगलेल्या आहेत कीं एक दबली आहे, तेंहि पाहावें. समुद्राजवळच्या दमट हवेंत आणि घामानें त्यांचें कातडें लवकर सुटतें. कानाच्या आंत बसणारे लहान हेडफोन असतील तर त्यांच्या जाळीवर मळ सांचून एक बाजू मंद होते. ती कोरड्या मऊ कुंचल्यानें झाडावी.

नंतर फोनकडे वळावें. त्याच ॲक्सेसिबिलिटीच्या सदरांत डाव्याउजव्या आवाजाचा तोल साधणारी एक सरकपट्टी असते. नातवंडांच्या हातून ती सरकते आणि महिनोन्महिने कोणाच्या लक्षांत येत नाहीं. ती मध्यावर असावी. सिनेमागृहाचा भास निर्माण करणाऱ्या कळा फोनांत असतात, त्याहि शास्त्रीय गाणें ऐकतांना बंद ठेवाव्या. गवई समोरून उठून दिवाणखानाभर हिंडूं लागतो तो पुष्कळदां त्यांच्याच पायीं. निराळें आवाजवर्धक यंत्र असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्याचें फिरतें बटण अगदीं खालच्या टोकास असतां दोन्ही बाजूंचा जोर कित्येकदां सारखा नसतो. तें थोडें वर नेलें कीं तोल सांवरतो.

त्यानंतर वायर आणि पिन. येथील दोषांचीं लक्षणें मोठीं चमत्कारिक असतात. पिन पुरती आंत गेली नाहीं किंवा तिच्यांतील दोन्ही बाजूंस सामाईक असलेली तार तुटली, तर दोन्ही बाजूंस जें समान आहे तें नाहींसें होतें आणि केवळ फरक उरतो. म्हणजे मधोमध बसलेला गवईच अदृश्य होतो आणि मागें पोकळ घुमारा तेवढा राहतो! मोनो गाणें असेल तर जवळजवळ शांतताच. अशा वेळीं पिन घट्ट दाबून पाहावी, मग दुसरी वायर लावून पाहावी. दुसरा दोष उलट्या जोडणीचा. दुरुस्तींत एका बाजूच्या दोन तारांची अदलाबदल झाली, तर एका कानाचा पडदा पुढें येतो त्याच क्षणीं दुसऱ्याचा मागें जातो. खर्ज विरतो आणि गवई मध्यावर न बसतां दोन्ही कानांपाशीं अर्धाअर्धा वांटला जातो. आवाज दोन्हीकडे सारखाच मोठा, पण बैठक कोठेंच नाहीं, असें झालें कीं हाच संशय घ्यावा.

हें सर्व करूनहि कित्येकांची तक्रार उरते कीं, बैठक समोर न दिसतां डोक्याच्या आंतच भरते. हा बिघाड नव्हे. हेडफोनाचा तो स्वभावच आहे. स्पीकरचा नाद दोन्ही कानांस जातो, कानाच्या पाळीच्या वळणांवरून संस्कार घेऊन आंत शिरतो आणि मान वळविली कीं बदलतो. हेडफोनांत डावें तें केवळ डाव्याच कानास मिळतें आणि मान वळविली तरी बैठक डोक्याबरोबर फिरते. ह्यावर बेंजामिन बावर ह्यांनीं १९६१ सालीं उपाय मांडला तो असा कीं, प्रत्येक बाजूचा थोडा अंश किंचित् उशिरानें दुसऱ्या बाजूस मिसळावा. आजच्या कित्येक यंत्रांत क्रॉसफीड ह्या नांवानें ती सोय असते. उघड्या पाठीचा हेडफोनहि बैठक ऐसपैस करतो. परंतु तो बाहेरचा गोंगाट आंत घेतो, म्हणून कारखान्याशेजारच्या घरीं फारसा उपयोगी नाहीं.

अण्णांच्या बाबतींत चष्मा, गाद्या, सरकपट्टी, पिन, सर्व निर्दोष निघालें. आम्हीं दुसऱ्या फोनावर तेंच गाणें लाविलें, गवई डावीकडेच. मग शेवटची कसोटी घेतली. खरें पाहतां ती आम्हीं पहिलीच घ्यावयास हवी होती. हेडफोन उलटा करून, डावी बाजू उजव्या कानावर आणि उजवी डाव्या कानावर अशी, अण्णांच्या डोक्यावर ठेविला.

हिचें तर्कशास्त्र सोपें आहे. यंत्राची उजवी बाजू अधू असेल, तर ती आतां डाव्या कानावर आल्यामुळें गवई उजवीकडे गेला पाहिजे. तो गेला, तर दोष यंत्रांत, वायरींत, फोनांत किंवा ध्वनिमुद्रणांत आहे. फोन व वायर बदलून तो कोठें तें पुढें ठरवितां येतें. आणि हेडफोन उलटा करूनहि गवई पूर्वींच्याच जागीं राहिला, तर यंत्र निर्दोष आहे.

अण्णांनीं डोळे मिटले, थोडा वेळ ऐकलें आणि म्हणाले, “डावीकडेच.” क्षणभरानें तेच अभियंते गृहस्थ हळूच म्हणाले, “म्हणजे माझा उजवा कान.”

मग विचारतां विचारतां सर्व निघालें. नऊ दिवसांपूर्वीं सकाळीं उठल्यापासून तो कान दडा बसल्यासारखा झाला होता आणि त्यांत बारीक शीळ घुमत होती. गाणें डावीकडे सरकलें तें त्याच दिवशीं. परंतु हातीं नवें यंत्र असल्यामुळें सारा दोष त्याच्या माथीं गेला. वहिनींनीं कानांत कोमट तेल घालण्याची तयारी केली होती. ती आम्हीं थांबविली, कारण कानाचा पडदा कसा आहे तें पाहिल्यावांचून तेल घालणें किंवा काडीनें कोरणें हितावह नसतें. दुसऱ्याच दिवशीं अण्णांस कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलें. मळाचा खडा असता तर काम पांच मिनिटांचें होतें. तो नव्हता. श्रवणाची मोजणी केली तेव्हां उजव्या कानाचा आलेख बराच खालीं उतरलेला दिसला.

एका कानाची श्रवणशक्ति तीन दिवसांच्या आंत अशी एकाएकीं उतरणें हा तांतडीचा विकार मानला जातो. त्यावर स्टेरॉइडांची योजना करतात, आणि तिचा गुण पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाल्यास अधिक येतो. पुढें आशा कमी होत जाते. खोकें पुण्यास जाऊन परत येण्यास किती दिवस लागले असते, ह्याचा हिशेब वाचकांनींच करावा. अण्णांचे उपचार दहाव्या दिवशीं सुरू झाले. दोन महिन्यांनीं केलेल्या मोजणींत बरेंच श्रवण परतलें होतें, सगळें नाहीं.

ज्यांची बैठक एकाएकीं न कलतां वर्षानुवर्षें हळूहळू कलत गेली असेल, त्यांनींहि एकवार मोजणी करून घ्यावी. दोन कानांत फरक पडण्याचें कारण डॉक्टरांनीं पाहिलेलें बरें. आवाजाच्या जोराविषयीं जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसांस ८० डेसिबलला आठवड्यास ४० तास अशी आहे. ९० डेसिबलला ती अवघे ४ तासच उरते. बाहेर गोंगाट आहे म्हणून आवाज चढविण्यापेक्षां बंद पाठीचा, कानांवर नीट बसणारा हेडफोन घ्यावा.

मागच्या आठवड्यांत अण्णांचें पत्र आलें. गवई अद्यापि मध्याच्या बोटभर डावीकडेच बसतो, असें ते लिहितात. फोनमधली सरकपट्टी थोडी उजवीकडे नेऊन त्यास मधोमध बसवावें, असें मुलानें सुचविलें होतें. अण्णांनीं तें मानलें नाहीं. रोज सकाळीं ते खांसाहेबांची तीच तबकडी प्रथम लावतात आणि गवई कालच्याच जागीं आहे ना, हें पाहून मग पुढचें गाणें ऐकतात. आमच्या मतें हा परिपाठ सर्व वडीलधाऱ्यांनीं ठेवण्याजोगा आहे.