फुसकारतंय? म्हणजे घाबरलंय!

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न. हातभर लांबीचं अजगराचं पिल्लू मान आखडून तुमच्याकडे बघत फुसकारलं, तर तुम्ही काय म्हणाल? 'बापरे, केवढं रागीट आहे!' असंच ना? पण ते रागावलेलं नाही बरं का, भ्यायलेलं आहे.

जरा त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. थंडी वाटली तर अंग थरथरवून त्यांना ऊबही देते. पण पिल्लं बाहेर पडली, की त्यांना भरवायला कोणी नसतं. मुंगूस, शिकारी पक्षी, मोठे साप, सगळ्यांच्या लेखी ते म्हणजे आयता घास! पिल्लाला विष नाही, पाय नाहीत, पळायला फारसा वेगही नाही. मग उरतं काय? फुसकारायचं आणि तरीही समोरचा हटला नाही, तर चावायचं.

आपल्याकडे काही हौशी लोक आफ्रिकेतला 'बॉल पायथन' पाळतात. हा छोटा अजगर. भीती वाटली, की डोकं मध्ये लपवून चेंडूसारखा गोल होतो, म्हणून हे नाव. मात्र अशा परदेशी प्राण्यांची नोंद सरकारकडे करावी लागते, तसे नियमच २०२४ साली आले आहेत. समजा, तुमच्या एखाद्या मामाकडे असा नोंद केलेला अजगर आहे आणि त्याचं पिल्लू सारखं अंगावर येतं. मामानं काय करावं?

पहिली गोष्ट म्हणजे, काहीच करू नये! नवं पिल्लू आणलं, की निदान आठवडाभर त्याला हात लावायचा नाही. पेटीत अंग चोरून बसता येईल अशी अंधारी जागा, प्यायला पाणी आणि एका बाजूला ऊब एवढं हवं. लपायला जागा मिळाली, की निम्मी भीती पळते.

दुसरी गोष्ट, हात वरून न्यायचा नाही. वरून झडप घालतो तो शत्रू, हे त्याला उपजतच ठाऊक असतं. हात बाजूनं, सावकाश न्यायचा. त्याआधी उंदराला हात लावला असेल, तर साबणानं धुवायचा. अजगराच्या ओठांवर बारीक खळगे असतात, त्यांतून त्याला अंधारातही ऊब कळते. उबदार आणि वर उंदराचा वास येणारा हात म्हणजे त्याला जेवणच वाटणार! सर्पमित्र ज्याला हुक म्हणतात, त्या वाकड्या टोकाच्या काठीनं आधी अंगाला हलकेच स्पर्श करायचा. जेवण नाही, उचलणार आहे, हे हळूहळू त्याच्या लक्षात येतं.

तिसरी गोष्ट, डोकं किंवा मान दाबून धरायची नाही. दोन्ही हातांनी अंगाला खालून आधार द्यायचा आणि त्याला हातांवरून सरकू द्यायचं. सुरुवातीला पाचच मिनिटं. खाल्ल्यावर दोन दिवस आणि कात टाकण्याआधी डोळे दुधी झाले असतील तेव्हा अजिबात उचलायचं नाही.

आणि चावलंच तर? हात हिसडायचा नाही. त्याचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात. हिसडलं तर आपली कातडी फाटते आणि त्याचे दात तुटतात. पिल्लू सोडेपर्यंत थांबायचं, मग जखम साबण-पाण्यानं धुऊन डॉक्टरांना दाखवायची.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, नीट वाचा. हे सगळं ओळखीच्या, नोंद केलेल्या, पेटीतल्या अजगरासाठी. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, मोकळ्या प्लॉटवर किंवा उसाच्या फडात दिसलेल्या सापासाठी नाही! 'अजगराचं पिल्लू सापडलं' म्हणून पोरं जे उचलायला जातात, ते कितीदा तरी घोणसीचं असतं. घोणस अत्यंत विषारी. ती अंडी घालत नाही, एका वेळी वीस-चाळीस जिवंत पिल्लं देते आणि वीतभर पिल्लालाही जन्मापासून विष असतं. घोणसीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल-लांबट ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, तर अजगराच्या अंगावर नकाशासारखे वेडेवाकडे पट्टे. पण हा फरक चित्रात बघायचा, वाकून नव्हे!

साप दिसला तर चार हात लांब उभं राहा, मोठ्या माणसांना हाक मारा, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. दंश झालाच तर मांत्रिक नको, चिरायचं नाही, घट्ट आवळायचं नाही. हातपाय न हलवता तडक सांगली-मिरजेचं सरकारी रुग्णालय गाठायचं. आणि तो खरोखर आपला भारतीय अजगर निघाला, तरी घरी आणायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला सर्वांत वरचं संरक्षण आहे. त्याला पकडणं किंवा पाळणं यासाठी तुरुंगवास होऊ शकतो.

पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांचं नाव ऐकलंय? १९८० साली ते ७२ विषारी सापांबरोबर एका काचेच्या खोलीत ७२ तास राहिले. डिवचलं नाही, तर साप उगीच चावत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. पुढे कात्रजचं सर्पोद्यान त्यांच्याच धडपडीतून उभं राहिलं. त्यांचं धाडस आपण करायचं नाही, पण त्यांचं निरीक्षण मात्र जरूर उचलायचं.

तर या रविवारी एक करा. पुस्तकातलं चित्र बघून घोणस आणि अजगर, दोघांची पाठ वहीत शेजारी शेजारी काढा, रंगवा आणि गल्लीतल्या दोघा-तिघांना तरी दाखवा. हो, शेतावर जाणाऱ्या आजोबांनाही!